लाम्पेदूसा : नितळ पाणी, हद्द कुणाची?

२०१३च्या फेब्रुवारीत ट्रिपॲडव्हायझरनं जगातल्या बेस्ट बीचेसची यादी काढली आणि पहिला नंबर लागला स्पियाज्जा देई कोनील्यीचा. म्हणजे सशांचा बीच. मालदीव नाही, बाली नाही, थायलंड तर नाहीच. इटलीच्या नकाशात पार खाली, जिथे छापणाऱ्याला जागा पुरत नाही म्हणून बेटांचा वेगळा चौकोन काढून ठेवलेला असतो, तिथलं हे लाम्पेदूसा नावाचं बेट. फोटो बघितलेत तर फोटोशॉपच वाटेल. पाणी इतकं नितळ की नांगरलेली बोट हवेत तरंगतेय असं वाटतं आणि तिची सावली खाली वाळूवर पडलेली दिसते.

त्याच वर्षी, ३ ऑक्टोबरच्या पहाटे, याच बीचसमोर किलोमीटरभराच्या आत एक बोट उलटली. ३६८ माणसं गेली.

लाम्पेदूसाबद्दल लिहिणारे सहसा या दोनातली एकच गोष्ट लिहितात. ट्रॅव्हल मॅगझिन्स पाण्याचा रंग लिहितात, न्यूज चॅनल्स मृतांचे आकडे देतात. प्रत्यक्षात बेट एवढंसं आहे की दोन्ही गोष्टी एका स्कूटर राइडमध्ये बसतात. सगळं मिळून वीसेक चौरस किलोमीटर. लोकसंख्या सहा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडची एखादी मोठी टाउनशिप. सिसिली इथून दोनशे किलोमीटर लांब आणि ट्युनिशिया मात्र एकशे दहा-पंधरा किलोमीटरवर. मुंबई-पुण्याहून जवळ! भूगर्भशास्त्राच्या हिशोबानं तर हे बेट आफ्रिकेचंच. पासपोर्ट तेवढा युरोपचा.

आधी मजा करून घेऊ. बेटावर फिरायचं ते स्कूटरवरून किंवा सित्रोएनच्या जुन्या मेहारी गाडीतून. प्लॅस्टिकची बॉडी, वर छप्पर नाही, एसी म्हणजे समोरून येणारा वारा. भाड्यानं मिळते आणि इन्स्टावर भारी दिसते. संध्याकाळी सगळं गाव व्हिया रोमा या मेन रोडवर उतरतं. आजोबा-आजी, बाबागाडीतली पोरं, सनबर्न झालेले मिलानवाले, सगळे नुसते खाली-वर चालत असतात. ग्रानिता म्हणजे आपला बर्फाचा गोळा काडीऐवजी ग्लासात आणि बरोबर ब्रिओश पाव. जेवायला ताजे मासे आणि कुसकुस. हो, इटलीत कुसकुस! दिसायला आपल्या सांज्यासारखा मोकळा, वर माशाचा रस्सा. हा पदार्थ समुद्रापलीकडून आला आणि इथला होऊन गेला, त्याला कुणी व्हिसा विचारला नाही. ‘व्होलारे’वाला गायक दोमेनिको मोदुन्यो याचं घर याच बीचजवळ होतं आणि १९९४ मध्ये तो इथेच वारला. भेटल्यावर लोक एकमेकांना ‘ओशा’ म्हणतात. शब्दशः अर्थ, माझा श्वास.

सशांच्या बीचवर ससे नाहीत, कासवं आहेत. लॉगरहेड जातीची ही कासवं उन्हाळ्यात इथे अंडी घालायला येतात. वेळासला जाऊन पहाटे पिल्लं समुद्रात सोडताना बघितलेल्यांना हा माहोल ओळखीचा वाटेल. बेटावर कासवांचं एक रेस्क्यू सेंटरही आहे. घशात गळ अडकलेलं किंवा बोटीचा मार बसलेलं कासव मच्छीमार उचलून आणतात, मग त्याच्यावर ऑपरेशन, औषधपाणी होतं आणि ते पुन्हा समुद्रात जातं. पर्यटक टाळ्या वाजवतात.

आता याच पाण्यातली दुसरी गोष्ट. २००७च्या ऑगस्टमध्ये सात ट्युनिशियन मच्छीमारांनी बुडायला आलेल्या एका रबरी बोटीतून ४४ माणसांना आपल्या बोटींवर घेतलं आणि सगळ्यात जवळचं बंदर म्हणून लाम्पेदूसाला आणलं. किनाऱ्याला लागताच त्यांना अटक झाली. बेकायदा माणसं देशात आणल्याचा आरोप! बोटी जप्त. ते सुटले, पण पूर्ण निर्दोष ठरायला २०११ उजाडलं. तोवर मासेमारीचा धंदा बसलेला होता. मदतीला थांबावं की रेडिओ बंद करून पुढे जावं, हा प्रश्न त्यानंतर या भागातल्या प्रत्येक नाखव्याला पडला असणार.

ही हकीगत माहीत असेल तर ३ ऑक्टोबरची पहाट नीट कळते. लिबियातून निघालेल्या त्या बोटीत पाचशेच्या वर माणसं होती, बहुतेक एरिट्रियाची. बेटाचे दिवे समोर दिसत होते आणि इंजिन बंद पडलं. किनाऱ्यावरच्यांना दिसावं म्हणून कुणीतरी ब्लँकेट पेटवलं. डेकवर सांडलेल्या इंधनानं पेट घेतला, घाबरलेली गर्दी एका बाजूला सरकली, बोट उलटली. जवळच्या खाडीत ‘गामार’ नावाच्या छोट्या बोटीवर आठ दोस्त रात्री मासे धरायला म्हणून मुक्कामाला होते. बोट व्हितो फिओरिनोची. पहाटे आवाज ऐकून त्यांना आधी वाटलं, सीगल ओरडतायत. पुढे गेले तर पाण्यात माणसंच माणसं. अंगाला डिझेल लागल्यामुळे हात धरला की निसटायचा. जेमतेम दहाएक माणसांची ती बोट, तिच्यात त्यांनी ४७ जणांना ओढून घेतलं. एकूण वाचले १५५.

पुढचं ऐका. इटलीच्या पंतप्रधानांनी मेलेल्यांना मानद नागरिकत्व जाहीर केलं. आणि जे वाचले, त्यांच्यावर कायद्याप्रमाणे बेकायदा प्रवेशाची चौकशी सुरू झाली. हे मी रंगवून सांगत नाहीये, त्या आठवड्यात खरंच हे झालं.

आणि आठच दिवसांनी, ११ ऑक्टोबरला, सगळ्यात संतापजनक प्रकार घडला. तो समजायला समुद्रातली एक सिस्टिम माहीत हवी. १९७९च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जगातला समुद्र शोध आणि बचावासाठी वाटून दिलेला आहे. प्रत्येक भागाचं एक कंट्रोल सेंटर असतं. आपल्याकडेही कोस्ट गार्डचं असं सेंटर मुंबईत आहे. संकटातला कॉल आला की ज्याची हद्द त्यानं को-ऑर्डिनेट करायचं. कागदावर एकदम सॉलिड. पण मोबाइल चोरीला गेल्यावर पोलीस स्टेशनला गेलेल्या प्रत्येकाला ‘हद्द’ या शब्दाचा अर्थ नीट माहीत आहे. “हे आमच्याकडे येत नाही, पलीकडच्या चौकीत जा.” तसंच झालं. सीरियन कुटुंबांनी भरलेल्या त्या बोटीवर लिबियाच्या किनाऱ्याजवळच गोळीबार झाला होता, आत पाणी शिरत होतं. बोटीवरच्या एका डॉक्टरनं सॅटेलाइट फोनवरून रोमला फोन केला. रोमनं सांगितलं, तुम्ही माल्टाच्या हद्दीत आहात, त्यांना फोन करा. माल्टानं सांगितलं, तुम्हाला लाम्पेदूसा जवळ आहे. आणि ते खरंच जवळ होतं, माल्टाच्या जवळपास निम्म्या अंतरावर. इटलीच्या नौदलाचं ‘लिब्रा’ हे जहाज आणखी जवळ होतं. दुपारी पहिला फोन गेला, संध्याकाळी पाचच्या सुमारास बोट उलटली. २६८ माणसं गेली, त्यात साठेक मुलं होती. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीनं म्हटलं की इटलीनं जगण्याच्या हक्काचं रक्षण करण्यात कसूर केली. रोमच्या कोर्टातला खटला २०२२च्या डिसेंबरमध्ये संपला, पण मुदत उलटून गेल्यामुळे कुणाला शिक्षा झाली नाही.

या दोन घटनांनी इटली हादरली, हेही मान्य करायला हवं. १८ ऑक्टोबर २०१३ला त्यांनी ‘मारे नोस्त्रुम’ हे ऑपरेशन सुरू केलं. नौदलाची जहाजं थेट खोल समुद्रात, लिबियाच्या दिशेनं. वर्षभरात सुमारे दीड लाख लोकांना बाहेर काढलं. खर्च महिन्याला जवळपास ९० लाख युरो, तोही एकट्या इटलीचा. युरोपातले बाकीचे देश कौतुक करत होते आणि खिशात हात घालत नव्हते. सोसायटीत लिफ्ट दुरुस्तीच्या मीटिंगला येतात तसे. वर्षभरात इटली थकली. १ नोव्हेंबर २०१४पासून युरोपचं ‘ट्रायटन’ आलं, एक तृतीयांश बजेटमध्ये. मुख्य काम सीमेवर लक्ष ठेवणं, आणि तेही सुरुवातीला किनाऱ्यापासून ३० सागरी मैलांपर्यंत. बोटी बुडत होत्या त्याच्या कितीतरी पलीकडे.

खरा वाद इथून सुरू होतो. ब्रिटिश सरकारनं २०१४ मध्ये उघड भूमिका घेतली की अशा मोहिमांना आम्ही पाठिंबा देणार नाही, कारण वाचवायला कुणीतरी आहे हे कळलं की आणखी लोक निघतात. याला ‘पुल फॅक्टर’ म्हणतात. ऐकायला लॉजिकल वाटतं ना? मलाही पहिल्यांदा वाटलं होतं. पण ‘ट्रायटन’च्या पहिल्याच वसंतात, १८ एप्रिल २०१५ला, एक बोट बुडाली आणि आठशेहून जास्त माणसं गेली. वाचले २८. वाचवायला कुणी नसतानाही लोक निघतच होते. २०११ ते २०२० या दहा वर्षांच्या आकड्यांचा अभ्यास २०२३ मध्ये ‘सायंटिफिक रिपोर्ट्स’मध्ये आला. त्यानुसार बचावमोहिमांमुळे निघणाऱ्यांची संख्या वाढल्याचं दिसत नाही. वाढते ती युद्धामुळे, महागाईमुळे, हवामानामुळे.

दुसरी बाजू लपवत नाही. काही अर्थतज्ज्ञांनी दाखवून दिलंय की नौदल जवळ आल्यावर स्मगलर्सनी लाकडी बोटी सोडून स्वस्तातल्या रबरी बोटी वापरायला घेतल्या. इटलीपर्यंत पोचायचं नाही, जहाज दिसेपर्यंत तरंगलं की झालं, असा हिशोब. म्हणजे बचावाचा फायदा काही प्रमाणात स्मगलरनं खाल्ला. हा मुद्दा खरा आहे आणि तो मांडणारा प्रत्येक जण निर्दयी नसतो. फक्त त्यातून ‘मग बुडू द्या’ हा निष्कर्ष कसा निघतो, ते मला कळत नाही. बुडणाऱ्याला पाण्याबाहेर काढणं ही एक गोष्ट झाली. त्याला देशात ठेवायचं की परत पाठवायचं ही वेगळी गोष्ट आहे, तिच्यासाठी कोर्टं आहेत, कायदे आहेत. युरोपातल्या टीव्ही डिबेटमध्ये (आपल्याकडच्या डिबेटसारखेच असतात, फक्त थोडे हळू ओरडतात) या दोन गोष्टींची भेळ झालेली असते.

सरकारी जहाजं मागे आली तशी स्वयंसेवी संस्थांची जहाजं पुढे गेली. मग त्यांच्यावर केसेस. ‘युव्हेंटा’ हे जर्मन तरुणांचं जहाज २०१७च्या ऑगस्टमध्ये लाम्पेदूसातच जप्त झालं. स्मगलरांशी साटंलोटं असल्याचा आरोप. २०२४च्या एप्रिलमध्ये कोर्टानं तो फेटाळला, तोपर्यंत जहाजाचं भंगार झालं होतं. २०१९च्या जूनमध्ये ‘सी-वॉच ३’ची कॅप्टन कारोला राकेटे, वय ३१, वाचवलेली माणसं घेऊन बंदराबाहेर दोन आठवड्यांच्या वर थांबली. गृहमंत्री होते मातेओ साल्व्हिनी, त्यांचा हुकूम ‘बंदरं बंद’. २९ जूनच्या रात्री तिनं परवानगीशिवाय जहाज आत घातलं, धक्क्याशी पोलिसांची बोट मध्ये आली, तिला जहाज घासलं. धक्क्यावर काही जण टाळ्या वाजवत होते, काही जण घाणेरड्या शिव्या देत होते. अटक झाली आणि तीन दिवसांत न्यायाधीशांनी सोडून दिलं. जीव वाचवण्याचं कर्तव्य ती बजावत होती, असं म्हणत. साल्व्हिनींवरही खटला चालला. ‘ओपन आर्म्स’ या जहाजावरच्या लोकांना ऑगस्ट २०१९ मध्ये उतरू न दिल्याबद्दल. २०२४च्या डिसेंबरमध्ये पालेर्मोच्या कोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं. म्हणजे कोर्टातही कुणा एकाची बाजू कायमची जिंकली असं झालेलं नाही.

२०२३पासून पद्धत बदलली. बंदरं बंद नाहीत, पण जहाजाला एका बचावानंतर लगेच परत फिरायचा हुकूम मिळतो आणि बंदर दिलं जातं राव्हेन्ना, अंकोना, जेनोवा असं लांबचं. जाण्यायेण्यात दिवस जातात, तेवढे दिवस समुद्रात एक जहाज कमी. ऑफिसमध्ये एखाद्याला काढता येत नसेल तर त्याची बदली करतात, त्यातलाच प्रकार.

आणि बेटावरच्या लोकांचं काय? बाहेरचे लोक त्यांना कधी संत करतात, कधी बिचारे. त्यांना दोन्हीचा कंटाळा आलेला आहे. बेटावर धड हॉस्पिटल नाही, दवाखाना आहे. बाळंतपणासाठी बायकांना विमानानं सिसिलीला जावं लागतं. तेव्हा टीव्ही चॅनलची व्हॅन बंदरावरच्या बोटींसाठी येते आणि आपल्या प्रश्नांसाठी कधीच नाही, याचा राग येणारच. मेयर जुझी निकोलिनी यांना २०१७ मध्ये युनेस्कोचा शांतता पुरस्कार मिळाला, आणि त्याच वर्षी त्या निवडणूक हरल्या. २०१९च्या युरोपियन निवडणुकीत बेटावर सर्वाधिक मतं साल्व्हिनींच्या पक्षाला पडली, अर्थात मतदानाला फार थोडे लोक गेले होते. मग २०२३चा सप्टेंबर. दोन-तीन दिवसांत ट्युनिशियाच्या बाजूनं लोखंडी पत्र्याच्या बोटींची रांग लागली आणि बेटाच्या लोकसंख्येहून जास्त माणसं बेटावर आली. केंद्राची क्षमता होती चारशेची. गावकऱ्यांनी घराघरांतून पास्ता शिजवून वाटला. त्याच आठवड्यात त्याच गावकऱ्यांनी नव्या तंबूछावणीविरुद्ध रस्ता अडवला. मला यात काही विसंगत वाटत नाही. पाहुण्याला जेवायला घालणारा माणूस आपल्या घराची धर्मशाळा करायला नाही म्हणूच शकतो.

बेटाला या गोष्टीची सवय जुनी आहे. गावाबाहेर झाडीत मादोन्ना दी पोर्तो साल्व्होचं देऊळ आहे, गुहेला लागून. असं सांगतात की इथे एक साधू राहायचा. ख्रिश्चन जहाज दिसलं की तो मेरीसमोरचा दिवा लावायचा, तुर्कांचं जहाज दिसलं की मुस्लिम पिराच्या थडग्यावरचा. लोक त्याला दुटप्पी म्हणून हसायचे. पण गुहेत दोन्ही धर्मांचे खलाशी पुढच्या संकटातल्या माणसासाठी दाणापाणी ठेवून जायचे, अशीही आख्यायिका आहे. आपल्याकडच्या दर्ग्याला नवस बोलणाऱ्या कोळणींना यात नवल वाटणार नाही.

आता एक गोष्ट, जी आपल्याला युरोपच्या बातमीत दिसत नाही. १९९६च्या नाताळच्या रात्री सिसिलीजवळ, पोर्तोपालो गावासमोर, एक बोट बुडाली. किमान २८३ माणसं गेली. आणि ती होती भारत, पाकिस्तान आणि श्रीलंकेची. भारतीयांमध्ये बहुतेक पंजाबातली तरुण पोरं. अधिकाऱ्यांनी वाचलेल्यांवर विश्वासच ठेवला नाही. पोर्तोपालोच्या मच्छीमारांच्या जाळ्यात प्रेतं यायची आणि ते परत पाण्यात टाकायचे. कारण कळवलं तर चौकशी, बोट अडकणार, हंगाम जाणार. चार वर्षं गाव गप्प होतं. शेवटी साल्व्हातोरे लुपो नावाच्या मच्छीमाराला जाळ्यात एका तमिळ मुलाचं ओळखपत्र मिळालं आणि त्यानं ते पत्रकारापर्यंत पोचवलं. २००१ मध्ये ‘ला रेपुब्लिका’च्या जोव्हान्नी मारिया बेल्लू यांनी पाण्याखाली कॅमेरा सोडून ती बोट जगाला दाखवली. लुपोला गावानं वाळीत टाकल्यासारखं वागवलं.

तेव्हा ‘ते लोक’ म्हणताना जरा जपून. २०२४ मध्ये समुद्रमार्गे इटलीला पोचलेल्यांत सगळ्यात जास्त लोक बांगलादेशचे होते. ढाक्याहून विमानानं निघून, लिबियातून पुढे बोटीनं. आपण शेंगेन व्हिसासाठी ९० युरो, बँक स्टेटमेंट आणि हॉटेल बुकिंग लावतो आणि रिजेक्ट झालो तर आठवडाभर फेसबुकवर चिडतो. त्यांच्याकडे त्या फॉर्ममध्ये भरायला काही नसतं.

बेटाच्या दक्षिण टोकाला, विमानतळाच्या मागे, मिम्मो पालादिनो या शिल्पकारानं २००८ मध्ये उभा केलेला ‘पोर्ता द’युरोपा’ आहे, युरोपचा दरवाजा. पाचेक मीटर उंच चौकट, मातीच्या टाइल्सची, त्यावर चपला, वाडगे, चेहरे. संध्याकाळी इथे सेल्फीवाल्यांची गर्दी असते. समोर समुद्र आणि त्याच्या पलीकडे आफ्रिका, दिसत नाही एवढंच. खरा दरवाजा आहे गावातल्या बंदरात, मोलो फाव्हालोरो नावाचा धक्का. कोस्ट गार्ड माणसं तिथे उतरवतं, तिथून बस त्यांना बेटाच्या मधल्या दरीतल्या केंद्रात नेते. कुंपण आहे, पर्यटकांना प्रवेश नाही. सहसा आठवडाभर सुट्टी काढून गेलात तरी यातलं काहीही दिसणार नाही. गावच्या दफनभूमीत मात्र कुणीही जाऊ शकतं. तिथे नाव नसलेल्या कबरी आहेत, लाकडी क्रॉस, मृत्यूची तारीख, बास. आत पुरलेल्यांपैकी बरेच मुस्लिम असणार. पण लावणाऱ्याकडे चिन्ह तेवढं एकच होतं.

कसं जाल? भारतातून रोम किंवा मिलान, तिथून पालेर्मो किंवा कातानिया, मग तासाभराचं छोटं विमान. उन्हाळ्यात रोम-मिलानहून थेट विमानंही असतात. मे ते ऑक्टोबर बेस्ट; ऑगस्ट टाळा, सगळी इटली तिथे असते. सशांच्या बीचसाठी उन्हाळ्यात ऑनलाइन स्लॉट घ्यावा लागतो, आणि पायवाटेनं उतरताना पाण्याची बाटली हवीच. बजेट टाइट असेल तर सिसिलीच्या पोर्तो एम्पेदोक्लेहून रात्रीची फेरी आहे, लिनोसा बेटावरून जाते. परतीच्या फेरीत बऱ्याचदा केंद्रातून सिसिलीला हलवलेली माणसंही असतात, पोलिसांच्या सोबतीनं, वेगळ्या डेकवर, पायात सारख्याच स्लिपर्स. रात्री डेकवर वारा बोचरा असतो. जाकीट बॅगेच्या तळाशी ठेवू नका.